बाणापुढचे गाव

नाशिक आणि सिन्नर यांच्या दरम्यान आखलेल्या प्रादेशिक रेल्वेचा पट्टा आता एकाच नकाशावर, एका सलग रेषेत आला आहे. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी गेल्या सोमवारी त्यावर सह्या केल्या. शेजारगाव रेल्वे समन्वय समितीच्या सचिवांनी ही बातमी मला फोनवर पक्की करून दिली आणि फोन ठेवताना म्हणाले, "ताईंना कळवलंय. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, सांगा बरं." श्रीमती हेमलता गांगुर्डे यांनी विचारले होते, "किसनरावांना कुणी सांगितलं का?"

पंच्याहत्तरी गाठलेल्या हेमलताताईंविषयी लिहायचे, तर ज्या कामात त्यांनी आयुष्य घातले त्या नियोजनाविषयी लिहायला हवे. पण त्यांचे सगळे नियोजन शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन थांबते, म्हणून आरंभ तिथूनच केला.

माझी त्यांची पहिली भेट एका टेबलाभोवती झाली. मी वृत्तपत्रात नवीन होतो, सिन्नरला राहत होतो आणि रोज एसटीने नाशिकला येत होतो. ताई तेव्हा नियोजन कार्यालयात आरेखक होत्या. नव्या नकाशाची बातमी मिळेल म्हणून मी गेलो. बातमी मिळाली नाही. त्यांनी समोर नकाशा पसरला आणि मी राहतो कुठे ते विचारले. मी सिन्नर म्हटले. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बाण होता आणि त्याच्याजवळ 'सिन्नरकडे' असे लिहिले होते. ताईंनी बाणावर बोट ठेवले, ते तसेच पुढे सरकवले, कागद संपला तरी सरकवत नेले आणि लाकडावर टेकवले.

"म्हणजे तुमचं घर इथं," त्या म्हणाल्या. "टेबलावर."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. रोज या शहरात कामाला येणारी किती माणसे टेबलावर राहतात ते आमच्या कागदाला ठाऊक नसते, एवढेच म्हणाल्या आणि चहा मागवला. तो बाण कुणी काढला होता, ते त्या दिवशी त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

पुढे पदोन्नती मिळत त्या नियोजन अधिकारी झाल्या आणि यथाकाल निवृत्त झाल्या. नाशिक, सिन्नर, निफाड आणि त्र्यंबकेश्वर या गावांनी मिळून, जुन्या नकाशांवर नुसतीच आखून ठेवलेल्या रेल्वेचा विचार करायचे ठरवले, तेव्हा समितीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. मानधनाचा विषय निघण्याआधी त्यांनी दोन अटी घातल्या. बैठक आळीपाळीने प्रत्येक गावात होईल, आणि तिची वेळ सगळ्यांत लांबच्या सदस्याची शेवटची बस पाहून ठरेल.

दुसऱ्या अटीची थट्टा झाली. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरवरून कुणी तरी त्यांना 'कंट्रोलर मॅडम' असे नावही ठेवले. ते त्यांच्या कानावर गेले तेव्हा, बढती मिळाली म्हणायची, असे म्हणून त्यांनी सोडून दिले. निफाडच्या बैठकीत एक अधिकारी पडद्यावर चित्रे दाखवीत होते. त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या सखूबाई नावाच्या सदस्य सारख्या दाराकडे पाहत होत्या. ताई शांतपणे उठल्या.

"साहेब, तुमची गाडी खाली उभी आहे. सखूबाईंना अजून नाशिकला बस बदलायचीये. त्यांचं आधी ऐकू या."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. सखूबाई बोलल्या, आणि ताई त्यांना फाट्यावर बसमध्ये बसवून परत आल्या. बैठक आटोपून घरी निघताना मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. "ज्याला घरी जायची घाई झालीये, तो कशालाही हो म्हणतो. त्याला संमती समजू नये."

त्याच काळात माझ्या हातून एक चूक झाली. एका बाजूचा नकाशा पाहून मी 'रेल्वेचा मार्ग निश्चित' अशी बातमी दिली. सकाळीच ताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. दुरुस्ती जरूर छापा, पण आधी उद्या सिन्नरच्या वाटेवरच्या मोहदरीकडे जाणारी सकाळची एसटी पकडा, असे त्यांनी सांगितले. मी चढलो तेव्हा त्या खिडकीपाशी बसलेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेले दोन नकाशे होते, आणि शेजारची जागा त्यांनी रुमाल टाकून माझ्यासाठी धरली होती.

आम्ही किसनरावांच्या शेतावर उतरलो. दोन नियोजन क्षेत्रांची हद्द त्यांच्या शेताच्या मधून जाते. ताईंनी दोन्ही नकाशे ओट्यावर कडेला कडा लावून ठेवले, तेव्हा मला माझी चूक दिसली. नाशिकच्या बाजूने आलेला रेल्वेचा राखीव पट्टा विहिरीवरून जात होता, सिन्नरच्या बाजूने आलेला अर्धवट बांधलेल्या घराच्या जोत्यावरून. दोन्ही पट्टे हद्दीपाशी येऊन बाणावर संपत होते आणि एकमेकांना मिळतच नव्हते. मध्ये दोन वावरे कांदा होता.

किसनराव मला म्हणाले, "पेपरात वाचलं, मार्ग ठरला. कोन्ता, ते नाय लिवलं तुम्ही." मग ताईंकडे वळून, "एक गाडी हिरीवरून, दुसरी घरावरून. मंग म्या कांद्यात उभं राहून दोन्हीला हात करायचा का?"

ताईंनाही हसू आले. पण ते जोते हसण्यासारखे नव्हते. पट्ट्यामुळे बांधकामाची परवानगी अडली होती आणि विटांच्या फटींतून गवत उगवले होते. वाट पाहून थकलेला मुलगा बायकोपोरांसह सिन्नरला औद्योगिक वसाहतीजवळ खोली घेऊन राहत होता. शेतावर उरली होती दोन म्हातारी माणसे आणि पत्र्याची खोली. घर झाले तर तो परत येईल, असे किसनरावांच्या पत्नी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ताईंनी कसलेही आश्वासन दिले नाही. जोत्याला फेरी मारली, विहिरीत वाकून पाहिले आणि दोन्ही जागा नकाशावर पेन्सिलीने दाखवल्या. तोवर दोन्हीपैकी एकाही नकाशावर घर किंवा विहीर नव्हती.

माझी दुरुस्ती छापून आली. खरी दुरुस्ती सिन्नरच्या बैठकीत व्हायची होती. दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही तर वरून प्रस्ताव परत येणार होता, आणि जोते आहे तसेच राहणार होते. तरीही दोन तास एकच वाद चालला. चुकले कोण, पट्टा कुणी सरकवायचा. ज्याने सरकवायचा, त्याने चूक कबूल केल्यासारखे होणार होते. नाशिकचे म्हणत, आमचा नकाशा जुना. सिन्नरचे म्हणत, मग चूकही जुनीच.

ताई उठल्या. नाशिकचा जुना कागद त्यांनी सर्वांना दिसेल असा धरला.

"हा बाण माझ्या हातचा आहे," त्या म्हणाल्या. "टोक मी असंच काढायची. पुढे काय आहे, ते मी वरिष्ठांना विचारलं होतं. तिकडचे तिकडे बघतील, म्हणाले. मी गप्प बसले. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन बघता आलं असतं मला. नाही गेले. चूक शहराची म्हणू नका. माझी आहे."

सिन्नरचे अभियंते हरकतींची जाड फाइल घेऊन आले होते. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"मॅडम, आमच्याकडचा बाणही कुणी तरी असाच काढला असणार," ते म्हणाले. "ते आता हयात नाहीत. त्यांच्या वतीनं मी म्हणतो, आमचीही चूक."

त्यानंतर वेळ लागला तो फक्त मोजमापाला. दोन्ही बाजूंनी पट्टा थोडा थोडा वळवायचा आणि बांधालगतच्या पडीक जागेतून न्यायचा, असे ठरले. विहीर वाचली, जोते वाचले. परतीच्या बसमध्ये मी ताईंना म्हटले, तुम्ही बोलला नसता तरी तो बाण तुमचा, हे कुणाला कळले नसते. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मला माहीत होतं ना. तुम्हाला टेबलावर बसवलं, त्या दिवशीही माहीत होतं."

ज्यांना त्यांच्या हाताखाली काम करायला मिळाले त्यांनी, आणि माझ्यासारख्या टेबलावर राहणाऱ्यांनी, त्यांच्याकडून काय घेतले, याची यादी मी करणार नाही. चूक सांगतानाही आवाज चढवावा लागत नाही, स्वतःची असली तरी नाही, एवढे मी घेतले.

आता पुढच्या महिन्यात नव्या नकाशावर हरकती ऐकल्या जातील आणि मग तो मंजुरीसाठी वर जाईल. तिथवर सगळे सुरळीत झाले, तर किसनराव परवानगीचा अर्ज देतील. जोत्यावरचे गवत त्यांनी सोमवारीच उपटले आणि मुलाला तसा फोन केला. पहिली वीट ताईंनी ठेवावी, असा त्यांचा निरोप आहे.

नव्या नकाशाच्या कडेला मात्र अजून दोन बाण आहेत, एक 'निफाडकडे' आणि एक 'त्र्यंबकेश्वरकडे'. त्या बाणांपुढची गावे कागदावर येईपर्यंत ताईंचे गुडघे शाबूत राहोत, चष्म्याचा नंबर न वाढो, आणि गाडी सुरू होईल तेव्हा खिडकीजवळची जागा आम्ही त्यांच्यासाठी रुमाल टाकून धरावी, एवढेच आमचे मागणे.

समितीची पुढची बैठक निफाडला आहे. वेळ अजून जाहीर झालेली नाही. शेवटची बस किती वाजता सुटते, याची चौकशी ताईंनी सुरू केली आहे.