झाकणाची मूठ आणि फुल व्हॉल्यूम

हळदीला वाजवणाऱ्यांचे किस्से म्हणजे कपड्यांवरची हळद. कितीही धुवा, जात नाही! आमच्या कळव्याच्या बेंजो पथकात गिटार वाजवणारी बाई मी एकटीच, त्यामुळे निम्मे किस्से माझ्याच अंगावर.

*

चिकनगुनिया झाला नि माझी बोटं आखडली. गिटारचा आवाजाचा नॉब एवढासा, त्यात गुळगुळीत. चिमटीत यायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, "आता गिटार बंद करा."

मी म्हटलं, "मग तुम्ही दवाखाना बंद करा. बरं तर काही होतच नाहीये!"

*

शेवटी नॉब काढला आणि त्या जागी टोपाच्या झाकणाची काळी मूठ बसवली. आख्ख्या पंजाने फिरते! दुसऱ्या दिवशी आमचे हे सांडशीनं झाकण उचलत ओरडले, "अगं, ह्याची मूठ कुठे गेली?"

"तिला आज हळदीची सुपारी आहे!"

*

दिवा गावच्या हळदीत मात्र घात झाला. मूठ मोठी, वाजवताना मनगट लागून शून्यावर फिरली, आणि नवरदेव ऐन नाचात असताना गिटार मुकी! आमचा मास्टर बाळूदादा, बेंजोवाला, सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गो बाय, तुजी गिटार उपासाला बसली काय? कोलशेतच्या हळदीला आवाज गेला ना, तर गिटार माझ्या भाच्याला. तू झांजा घे."

लग्नाआधीपासून वाजवतेय मी! रडूच फुटत होतं. पण त्याच्यासमोर? छ्या! "झांजा भाच्यालाच ठेव," म्हटलं.

*

डोंबिवलीत एका मिक्सर रिपेअरवाल्याकडे गेले. "ही मूठ फिरणार नाही असं कर."

"ताई, नॉब फिरवायलाच असतो!"

"माझी बोटं फिरत नाहीत, तर त्यानं का फिरावं? आवाज फुलवर ठेव आणि पुट्टी भर."

त्यानं कपाळावर हात मारला, पण भरली. सुकल्यावर नुसता दगड.

*

कोलशेतची हळद. मांडव गच्च, नवरीच्या मावश्या घामाघूम, आणि माझी गिटार अशी सुटली की बास! कुणाला खाली बसू देईना. बाळूदादा बेंजोवरून वाकून वाकून काहीतरी ओरडत होता. वाजवत वाजवतच जवळ गेले.

"अगं, आवाज कमी कर! माझा बेंजो मलाच ऐकू येईना!"

मी मूठ पिळून दाखवली. तसूभर हलली नाही.

"कमी नाही होत, दादा. झांजा घेतोस?"