डाव्या भुवईवरची पाळत

तांडापेठेत मायाबाई धकातेंना सगळे फॉल-पिकोवाली म्हणून ओळखतात. सासऱ्यांच्या काळी त्या घरात हातमाग होता, आता त्या जागी शिलाई मशीन आहे आणि साड्यांचे ढीग. बाई बोलायला फटकळ, हातानं चलाख आणि पोरीच्या बाबतीत पुरती भित्री. पोरगी काजल, सतरा वर्षांची. तिला सिकलसेल आहे. रक्ताचा हा आजार आईबाप दोघांकडून येतो. मायाबाईंच्या लग्नात पत्रिका जुळवली, अठ्ठावीस गुण निघाले, सगळे खूश झाले. रक्त मात्र कोणी पाहिलं नाही.

थंडी बाधली, पाणी कमी पडलं किंवा अंग फार दमलं, की काजलच्या हाडांत कळा सुरू होतात. त्या वाढल्या की थेट मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरती. चौदाव्या वर्षी दुखणं छातीत गेलं आणि पोर आठ दिवस ऑक्सिजनवर होती. तेव्हापासून मायाबाईंनी डोळ्यांत तेल घालून एक विद्या कमावली. कळ सुरू झाली की काजलची डावी भुवई आक्रसते आणि वरचा ओठ आत ओढला जातो. ती ‘काही नाही’ म्हणेपर्यंत आईनं पाण्याची बाटली पुढं केलेली असते. डॉक्टरांच्या आधी मला कळतं, असं त्या सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

अशा पोरीला वेड लागावं ते कथकचं. धरमपेठेत मुग्धाताईंचा क्लास आहे, तिथं ती जायची. बेतानं नाचायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यातल्या ‘बेतानं’ची मायाबाईंनी खूणगाठ बांधली. वार्षिक कार्यक्रम ठरला तेव्हा त्या एकट्याच ताईंना भेटून आल्या. काजलला मागच्या रांगेत ठेवा, चार मिनिटांचा समूहनाच आणि बस्स, तिला मात्र यातलं काही सांगू नका. ताईंनी नुसती मान हलवली. मायाबाईंनी तो होकार धरला आणि तिथंच फसल्या.

कार्यक्रम डिसेंबरातल्या एका रविवारी, संध्याकाळी. हॉलमध्ये पाऊल टाकताच मायाबाई दारातच थबकल्या, कारण बाहेर हुडहुडी भरलेली असताना आत एसी सुरू होता. या लोकांना उकडतं तरी किती, असं पुटपुटत त्या दोनदा जाऊन तो बंद करायला सांगून आल्या. दारावरचा माणूस दोन्ही वेळा हो म्हणाला. मग शाल आणि गरम पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन त्या तिसऱ्या रांगेत बसल्या.

समूहनाच झाला. चार मिनिटं, घड्याळ लावून. मायाबाईंनी श्वास सोडला. बाकीच्या मुली आत गेल्या, पण काजल गेली नाही. ती मागून चालत पुढं आली, मधोमध उभी राहिली आणि तबला सुरू झाला.

मायाबाई ताडकन उठल्या. मागून कोणीतरी ‘बसा हो’ म्हणालं, तशा बसल्या. लोक पायांकडे बघत होते, मायाबाई भुवईकडे. लय वाढली. मग गिरक्या सुरू झाल्या. दर गिरकीत काजलचा चेहरा दिसेनासा व्हायचा आणि मायाबाईंचा जीव टांगणीला लागायचा. चेहरा पुन्हा समोर यायचा, तर भुवई सरळ, ओठ मोकळे. आणि पोर हसत होती. असं हसणं त्यांनी सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या चेहऱ्यावर आपण फक्त दुखणं शोधत आलो, हे त्यांना तिथं बसल्याबसल्या कळलं आणि रडू फुटलं. भीती मात्र तसूभर हलली नाही.

टाळ्या संपायच्या आत त्या विंगेत पोचल्या. काजल एका पेटीवर बसली होती. घुंगरू सोडायलाही तिला वाकता येत नव्हतं. आता भुवई आक्रसलेली होती.

“छातीत तर नाही ना?”

“नाही. पायात.”

मायाबाईंनी शाल गुंडाळली, पाणी पाजलं आणि कधीपासून म्हणून विचारलं.

“ग्रुपमध्येच सुरू झालं होतं,” काजल म्हणाली. “ताईले माहीत नव्हतं. सोलो मीच मागून घेतला.”

“मग मले काहून नाही दिसलं वं?”

“मी लपवून नव्हती राहिली, आई. दुखून राहिलं होतं, पण मले मजाच इतकी येऊन राहिली होती.”

पोरीला दुखत होतं आणि आई समोर बसून बघत होती, तरी तिला दिसलं नाही. एवढ्या वर्षांत हातात एकच शस्त्र होतं, तेही गेलं.

मेडिकलकडे जाताना ऑटोत काजलचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. उद्यापासून क्लास बंद, असं म्हणायचं त्यांनी हॉल सोडल्यापासून मनात घोकलं होतं. म्हणायला तोंडही उघडलं. काजल कळ सोसत होती आणि तिचे ओठ बिनआवाजी नाचाचे बोल म्हणत होते.

“पुढच्या वेळी मी विंगेतच उभी राहीन,” मायाबाई म्हणाल्या. “तुह्या चेहऱ्याचा भरोसा नाही राहिला मले.”

काजलनं डोळे उघडले. “पुढच्या वेळी?”

आपल्या चेहऱ्यावरची भीती पोरीला दिसू नये म्हणून मायाबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं.