पडद्याबाहेरून मारलेली हाक

विमानतळावरच्या पोलीस बाईनं माझ्या बायकोची अब्रू घेतली, असं दिग्रसमध्ये सगळे म्हणतात. ते मीच पसरवलं. खरं तर तपासणीत चाचपताना हाताला काही वेगळं लागलं म्हणून त्या बाईनं पडद्याआड हिला हळूच विचारलं होतं. आतून बराच वेळ आवाज येईना. मी घाबरलो आणि वावरातून हाक मारावी तसा ओरडलो, “मॅडम, सोडा तिले! कॅन्सरनं छाती कापली हाये, आत घरचा कापूस हाये!”

अख्खी रांग वळून पाहू लागली. मागे आमचे होणारे व्याही उभे होते. मुलीच्या साखरपुड्यालाच आम्ही सगळे पुण्याला निघालो होतो. हिनं आजार त्यांच्यापासूनच लपवला होता.

विमानात व्याह्यांनी आमच्या शेजारची जागा बदलून घेतली. ही हलक्या आवाजात म्हणाली, “आता आपल्या पोरीले करून घेतीन का हो ते?”