हरिहरचं पथ्य आणि अकरा केळवणं

आमच्या हरिहरला मंगलाष्टकं म्हणायचा नाद आहे. नात्यात कुठेही लग्न असो, हा स्वतः रचलेली अष्टकं खिशात घालून हजर. त्यात आजी, आत्या, काका, जावई अशी सगळ्यांची नावं कोंबतो आणि शेवटची ओळ इतकी ताणतो की लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामेजतात. मी त्याची बायको, त्यामुळे गेली तीस वर्षं मंडपात मान खाली घालून उभी असते. 'आवरा आता' असं कुजबुजणारे लोक मी ऐकलेत. एकदा तर ते मीच म्हणाले होते.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक पोरीचं, श्रियाचं, लग्न ठरलं आणि नेमका त्याचा आवाज बसला.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. पोटातलं आम्ल वर येऊन घसा पोळतोय म्हणाले. वीस वर्षं करपट ढेकर देत मिसळ हाणणाऱ्या माणसाला एवढं कळायला नळी लागली. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. शेवटी डोंबिवलीतल्याच वैद्य संचिताकडे गेलो. वयाने आमच्या श्रियापेक्षाही लहान. तिने नाडी धरली, जीभ पाहिली आणि विचारलं, "काका, दिवसाचे चहा किती?"

"दोन," हरिहर म्हणाला.

"सात," मी म्हटलं.

चहा गेला. तिखट, आंबट, तळलेलं, शिळं, आंबवलेलं, सगळं गेलं. राहिलं काय, तर मुगाचं वरण, जुन्या तांदळाचा भात, दुधी, पडवळ आणि वर तूप. सकाळी भिजवलेल्या मनुका, दुपारी धण्याचं पाणी. रात्रीचं जेवण आठच्या आत, मग शतपावली. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. आम्ल त्याचं आणि रात्रभर पायथ्याशी घसरत जायचे मी.

पण दोन महिन्यांत आवाज सुटला हो. बाथरूममधून रोज अष्टकं ऐकू यायला लागली. शेवटचं कडवं मात्र त्याने कोणालाच ऐकवलं नाही.

"लग्नात म्हणता येईल ना?" त्याने संचिताला विचारलं.

"पथ्य पाळलंत तर. एकदा जरी मोडलंत तरी घसा आठवडाभर बसेल, काका."

हॉल कुठला, पंगतीत काय, मानपान कसा, यातलं त्याने काही विचारलं नव्हतं. त्याला फक्त अष्टकं म्हणायची होती.

आणि मग सुरू झाली केळवणं. लग्नघरच्यांना नातेवाइकांनी जेवायला बोलावून बेजार करायची आपली ही पद्धत. अकरा घरांची आमंत्रणं होती आणि सगळी रात्रीची. हरिहर प्रत्येक ठिकाणी स्वतःचा डबा घेऊन गेला. कल्याणला विश्रामभावजींनी खास कोंबडी-वडे केलेले, ह्याने शेजारी बसून दुधी खाल्ला. विश्रामभावजी त्यानंतर आमच्याशी धड बोललेले नाहीत. घोडबंदर रोडला माझ्या भाच्याकडे, अनिमेषकडे जाताना तर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, आठ वाजायला आले आणि या पठ्ठ्याने टॅक्सीतच डबा उघडून वरणभात कालवला. बाविसाव्या मजल्यावर पोचलो तेव्हा ह्याचं जेवण झालेलं, आणि अनिमेषची बायको दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

शपथा घातल्या, रुसवे झाले, 'आमचं अन्न गोड लागत नाही वाटतं' हेही ऐकून झालं. दहा घरांना हा माणूस पुरून उरला.

अकरावं घर कोपरीला, प्रमोदिनी वन्संचं. ही ह्याची थोरली बहीण. हरिहर नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून वन्संनीच त्याला वाढवला. लग्नाला तीन दिवस उरले होते. वन्संनी पानं मांडली. आम्हाला पुरणपोळी, अळूवड्या आणि मिरच्यांचं पंचामृत. त्याच्यासाठी वेगळ्या ताटलीत मऊ भात.

"तुला चालत नाही ना रे, म्हणून वेगळं केलंय," वन्सं म्हणाल्या आणि पंचामृताची वाटी त्याच्यासमोरून उचलून माझ्याकडे सरकवली. बस, एवढंच. आग्रह नाही, शपथ नाही.

हरिहर त्या भाताकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, तू मला कधी विचारून वाढलं नाहीस." आणि माझ्यापुढची वाटी ओढून घेऊन त्याने चिंच, मिरची, गूळ सगळं बोटाने चाटूनपुसून संपवलं. वर दुसरी वाटी मागितली. मी त्याला अडवायला हवं होतं. पण वन्संचे डोळे भरून आले होते.

सकाळी घशातून नुसती हवा येत होती. संचिताने फोनवर फक्त "काका" म्हटलं.

लग्नात गुरुजींची अष्टकं झाली आणि हरिहर कागद घेऊन पुढे आला. सूर लावायला गेला, कुरकुर आली. पोरंटोरं हसली. त्याने घसा खाकरला आणि चाल सोडून नुसतं बोलायला लागला, घोगरं, हळू. ऐकायचं म्हणजे मंडपाला गप्प बसावं लागलं. शेवटच्या कडव्यात होतं की श्रिया शाळेच्या पहिल्या दिवशी रडलीच नाही, बापच फाटकाबाहेर उभा राहून रडला. त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा का पोचला, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

अंतरपाटाआडून श्रिया म्हणाली, "बाबा, शेवटचं परत म्हणा ना."

तीस वर्षांत त्याला असं कोणी म्हणालं नव्हतं. गुरुजींनी घड्याळ पाहून मान डोलावली. हरिहरने पुन्हा सुरुवात केली. शेवटच्या ओळीला आवाज पुरता गेला, नुसते ओठ हलत राहिले. मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि ती ओळ मी म्हटली. बेसूर, पण मोठ्याने.