रंग शिजवणाऱ्या ताराकाकू

ताराकाकू भेटल्या की आधी मनगट पकडायच्या. "हात दे," म्हणायच्या, आणि आपण द्यायच्या आत कढईतल्या रंगात बुडवलेल्या काडीने कोपरापर्यंत रेघ ओढून मोकळ्या. मग तो हात नळाखाली खसाखसा धुवायचा आणि काकूंना आणून दाखवायचा. रेघ फिकी झाली की त्या नाक मुरडायच्या. "नुसता उकळलाय मेला. शिजला कुठे?" रंगपंचमीच्या आधी आमच्या गल्लीत कोरं मनगट सापडायचं नाही. शाळेत बाई ओरडायच्या. पण त्यांचंही माहेर आमच्याच चौकातलं, त्यामुळे ओरडणं तेवढ्यापुरतंच.

आम्हा जुन्या नाशिककरांची रंगपंचमी म्हणजे रहाड. चौकाच्या पोटात दगडी हौद आहे. वर्षभर त्यावर फळ्या, माती, आणि वरून रिक्षा-स्कूटरी धावतात. पंचमीला तो उघडायचा, फुलांच्या रंगाने भरायचा आणि माणसांनी वरून धपाधप उड्या मारायच्या. माणसांनी म्हणजे पुरुषांनी. बायकांनी गॅलरीतून बघायचं.

रंग शिजवायचा मान काकूंच्या सासरचा. सासूबाई गेल्यावर कढई काकूंकडे आली आणि त्यानंतर तिथे दुसऱ्या कुणाचं काही चाललं नाही. पळसाची फुलं निवडण्यापासून जाळ राखण्यापर्यंत सगळं त्यांच्या हुकमाने. मंडळाचे कार्यकर्ते लाकडं वाहायचे, पाणी आणायचे आणि बोलणी खायचे. मंडळाचा अध्यक्ष बाहेर भाऊसाहेब म्हणवून घ्यायचा, गळ्यात ही जाड साखळी. काकूंपुढे मात्र तो पिंट्याच. "अरे पिंट्या, लाकूड मागे सार. तुझी वरात आहे का, एवढा जाळ कशाला?" पिंट्या निमूट लाकूड सारायचा.

रंग हौदात ओतला की काकूंचे दीर, अण्णा, पूजा करायचे आणि पहिली उडी मारायचे. काकू हात धुऊन जिना चढायच्या. कॉलेजात असताना मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला नाही वाटत आत जावंसं?"

"वाटून काय डोंबल होणार आहे?" त्या म्हणाल्या. मग गॅलरीतून खाली हौदाकडे बघतच म्हणाल्या, "दर वर्षी वाटतं."

मला इतका राग आला होता! जिच्या हातचा रंग, तिनेच कोरडं राहायचं. पण अण्णांना सांगणार कोण? ते "परंपरा आहे" म्हणायचे आणि विषय मिटायचा.

पुढे इतर रहाडींवर बायकांसाठी वेगळी वेळ ठेवायला लागले, तेव्हा आमच्या मंडळालाही जाग आली. सकाळचा पहिला तास बायकांचा ठरला. मी तोवर लग्न होऊन नाशिक रोडला गेले होते. रजा टाकून धावत आले. पण काकूंचे गुडघे तोपर्यंत गेलेले. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, काकू काही आता उतरणार नाहीत, तर त्यांचा सत्कार करू. काठाशी खुर्ची मांडली. शाल आली, नारळ आला. पिंट्या माइकवरून "आमच्या आदरणीय मातोश्री" वगैरे बरंच बोलला. काकू खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या, नजर मात्र खाली हौदात. पूजेचा नारळ फुटला, पुरुष बाजूला झाले, बायकांची रांग पुढे सरकली.

काकू उठल्या. अण्णा तेवढे अजून खुर्चीमागे होते. काकूंनी अंगावरची शाल काढून त्यांच्या हातात दिली.

"भावजी, ही धरा. भिजेल."

"वहिनी, अहो, तुमचे गुडघे…"

"मला खाली पडायचंय. त्याला कशाला गुडघे? चढायचं काय ते पोरी बघतील."

अण्णांनी शाल घेतली. मग मान खाली घालून बाजूला झाले. सांभाळायला पोहणाऱ्या दोन मुली आधीच आत होत्या. मी काकूंचा हात धरला. काकूंनी कासोटा घट्ट केला, नाक दाबलं आणि मला काही कळायच्या आत मला घेऊन गेल्या खाली.

वर आल्या त्या खोकत, थुंकत, डोळे चोळत. मग हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. काठावरच्या बायकांचेही डोळे भरले. चौघींनी मिळून त्यांना वर घेतलं.

काकू त्यानंतरच्या थंडीत गेल्या. पण मला आठवतं ते त्या दिवशीचं घरी जाणं. घर समोरच होतं, आणि काकू उलट्या दिशेला, बाजाराकडे वळल्या. तिकडे पुरुष आपली पाळी यायची वाट बघत घोळक्याने उभे होते.

"काकू, घर इकडे आहे."

"माहीत आहे मला. बाजारातून जाऊन येऊ."

"अहो, ओल्या आहात, सर्दी होईल. आणि सगळे बघतायत."

"बघू देत की," काकू म्हणाल्या. "आणि अशी भिंतीला चिकटून नको चालूस. रस्त्याच्या मधून चल."