पान कुठल्या बाजूनं मिटायचं

एस.टी. फाट्यावर येऊन थांबली आणि रडण्याच्या गडबडीत आई भाकरीचं गठुडं माझ्या हातात द्यायचंच विसरली. गाडी हलल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती पदर खोचून धावत सुटली, कंडक्टरनं कपाळाला हात लावून घंटी मारली, आणि गठुडं खिडकीतून आत आलं. वडील धावले नाहीत. गाडी थांबली म्हणून ते सावकाश खिडकीशी आले आणि म्हणाले, "कुठंबी जा, पर जेवल्या पानाला नावं ठिऊ नगंस." एवढंच. जपून जा नाही, पत्र टाक नाही. वडिलांना बोलायचं म्हटलं की जिवावर यायचं.

आमचा खानापूर तालुका म्हणजे पावसाचं आणि आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. त्यामुळं आमच्याकडची पोरं मिसरूड फुटलं की गलाईच्या धंद्याला बाहेर पडायची. सोनारांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे ते काम. कुणी सेलमला गेला, कुणी विजयवाड्याला, कुणी कालिकतला. मी कुंभकोणम्‌ला आलो, कारण तिथं मामाची भट्टी होती. घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि विहिरीत पाण्यापेक्षा कबुतरं जास्त. मामानं आधीच बजावलं होतं, दिवाळीपर्यंत टिकलास तर तू, नाही तर धोंडू. धोंडू माझा चुलतभाऊ. तो पिशवी भरून तयारच बसला होता.

मिरजेहून गाड्या बदलत, बोचकं उशाला घेत पोचलो. भाकरी बंगळूरच्या आधीच संपल्या. पुढं जे सुरू झालं ते तुमच्यापैकी बाहेर पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाषा आज ना उद्या येते, काम हाताला बसतं, पण पोट काही ऐकत नाही. मामानं गावाहून आणलेलं ज्वारीचं पोतं होतं तोवर बरं चाललं. ते संपलं आणि समोर भाताचा डोंगर आला. भात म्हणजे आमच्याकडं सणाला किंवा आजाऱ्याला. रोज दुपारी मला वाटायचं, आपल्याला नेमकं झालंय तरी काय?

मामा स्वतः चुलीवर काहीतरी शिजवायचा. सोनं पारखण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता, पण त्याची आमटी भट्टीतल्या मुशीत ओतली तरी शुद्ध झाली नसती. शेवटी तो म्हणाला, गावात हिंड, जिथं पोटाला मानवेल तिथं जेव.

मग मी हिंडलो. कुंभकोणम्‌चं नाव काढलं की लोक देवळं मोजतात. मी गाव ओळखायला शिकलो ते जिभेनं. महामहम् तळ्याजवळच्या कॉफी हॉटेलात रविवारी सकाळी इडलीबरोबर कडप्पा मिळायचा. मूगडाळ आणि बटाट्याचं पातळ कालवण, बडीशेपेच्या वासाचं, एरवी कधी न मिळणारं. एका आण्यात पितळी पेला भरून कॉफी यायची. पण तिथं पेल्याला ओठ लावायचा नाही, वरून धार सोडायची. पहिल्या दिवशी माझी निम्मी कॉफी सदऱ्यानं प्यायली. मेलकावेरीला नदीच्या अंगाला एका भाईंची चहाची टपरी होती. लढाईत रंगूनहून पायी चालत आलेला माणूस. त्यांच्याकडं सकाळी शेवयांसारखे वाफवलेले इडियाप्पम् आणि पाया, म्हणजे खुरांचा रस्सा, असायचा. माझा कॉफीनं डागाळलेला सदरा बघून ते पोटभर हसले आणि कुठून तरी एक बशी पैदा केली. टपरीत ती एकच. मी गेलो की ती धुऊन पुढं यायची आणि मी गावच्यासारखा फुर्र करून चहा प्यायचो. भाईंची तमिळ मला कळत नव्हती, पण दोघांनाही घर सुटल्याचं न सांगता कळत होतं.

दुपारच्या जेवणाचं मात्र जमत नव्हतं. ते जमलं मेलकावेरीच्याच एका गल्लीत. दारातून जाताना आतून बाईमाणसाचा आवाज आला, "तुळसे, पाणी आण गे!" माझे पाय जागच्या जागी थांबले. महिनाभरात मामाखेरीज कुणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती.

ती आक्काची खानावळ. आक्का विधवा, पन्नाशीची, लेक तुळसा हाताखाली. आक्काच्या सासऱ्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या वाड्यात मुदपाकखान्याकडे होते. राजवाड्यातलं सगळं गेलं, पण वाढायची रीत उरली, ती तिनं ओसरीवर मांडली होती. पाच-सहा जण जेवायचे. एक तमिळ मास्तर, एक सौराष्ट्री विणकर, बाजारातले दोघे-तिघे. त्यांच्याशी ती तमिळ बोलायची आणि तुळसेकडं वळली की मराठी. ती मराठीही जुन्या कागदावरच्यासारखी. मी गावचं नाव सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले.

"तूं देशांतून आलास? बैस, येथें बैस. सातारचे महाराज क्षेम आहेत कां?"

मी सातारा पाहिला होता तो मोटार अड्ड्यापुरता. पण तिचा चेहरा बघून म्हणालो, "बरे आहेत." तिनं समाधानानं केळीचं पान मांडलं.

तिच्याकडं भाताबरोबर पिठलं असायचं. त्यात खोबरं आणि कढीपत्ता, तरी पिठलंच. मी रोज जाऊ लागलो. आणि दिवसेंदिवस ती मला जास्तच वाढू लागली. आधी भातावर चमचाभर तूप आलं. मग पापड. मग चिंचेचं सार. एकदा तर आठवड्याच्या मधेच माझ्यासाठी कडप्पा केला. वाढून झालं की खांबाला टेकून माझ्या पानाकडं बघत उभी राहायची. मी घरी लिहून कळवलं, इथं एक बाई आईसारखं वाढते. मधल्या काळात मास्तर यायचे बंद झाले. मग विणकरही. मला वाटलं, त्यांची काही अडचण असेल.

एवढं असूनही मी खचत चाललो होतो. भट्टीची धग, तेजाबाचा वास, दुपारचा घाम, आणि बहिणींची लग्नं कशी होतील हा घोर. विजार कमरेवर थांबेना. दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी मी मामाला सांगून टाकलं की मला जमत नाही. मामा रागावला नाही. तो म्हणाला, सेलमहून इथं मुक्कामाला आलेला आपला एक माणूस उद्या गावाकडं निघालाय, त्याच्याबरोबर जा, धोंडूला पाठवून दे. गावात काय तोंड दाखवणार, हे त्यानं विचारलं नाही. ते मीच स्वतःला दिवसभर विचारत राहिलो.

दुपारी आक्काकडं गेलो. ओसरीवर मी एकटाच. पान मांडताना तिला म्हणालो, "आक्का, आज शेवटचं. उद्या गावाला जातोय. परत येणार नाही."

ती पाणी शिंपडता शिंपडता थांबली. म्हणाली, "मज ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून सांगतोस."

"मी? मी कधी सांगितलं?"

"तोंडानें नाहीं सांगितलेंस. पान सांगतें रोज." मग पाण्याचं भांडं तिनं खाली ठेवलं. "जातोस तर जा, लेकरा. पण माझ्या हातांत काय उणें, तें तरी सांगून जा. तूप घातलें, सार केलें, कडप्पा केला. तूं जेवतोस पोटभर आणि पान मिटतोस सुतकाचें. मास्तर बोलले, शुभ घरांत रोज हें कशास? ते गेले. विणकर गेला. मी म्हटलें, देशाचें माणूस आहे, त्यास कसें विचारूं?"

मला काही उमगेना. शेवटी तुळसाच पुढं आली आणि तिनं समोरचं कोरं पान मिटून दाखवलं. जेवण झालं की वरची बाजू आपल्याकडं मिटायची. म्हणजे जेवण रुचलं, नातं राहू दे, पुन्हा येईन. खालची बाजू उचलून पलीकडं मिटायची ती फक्त मयताच्या जेवणाला. म्हणजे असं पान या घरी पुन्हा मांडायची वेळ न येवो.

आमच्या गावात जेवलेलं पान कुणी मिटत नाही. तसंच उचलून गुरांपुढं टाकतात. मी मिटायला शिकलो होतो ते इथंच, आल्या आल्या आठवड्याभरात. पेठेतल्या एका सोनाराचा बाप गेला होता आणि मामा मला तेराव्याच्या जेवणाला घेऊन गेला होता. "शेजारचे करतील तसं करायचं, डोकं चालवायचं न्हाई," असं त्यानं बजावलेलं. शेजाऱ्यांनी पानं पलीकडं मिटली, मीही मिटली. मला वाटलं, या मुलखाची रीत कळली. आणि मग ती शहाणपणाची रीत मी दोन महिने आक्काच्या ओसरीवर बिनचूक पाळली.

मी हे कसंबसं सांगितलं. सांगताना माझेच कान तापले. आक्का ऐकत होती. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. पण तिचे खांदे हलायला लागले, तुळसाही खुदकन हसली, आणि मग आक्का खांब धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मारुतीराया! सोनाराच्या बापाचें तेरावें माझ्या घरांत दोन महिने!"

मी हसलो नाही. मी पानाकडं बघत होतो. या बाईला वाटत होतं की हा पोरगा रोज आपलं अन्न नाकारतो, आपल्या दारातलं गिऱ्हाईक घालवतो. तरी दुसऱ्या दिवशी तिनं भातावर तूप वाढलं होतं. मला शिवी दिली नाही, उठवलं नाही. वडिलांचं ते एक वाक्य मी घेऊन आलो होतो आणि इथं येऊन नेमकं त्याच्या उलट वागलो होतो. पण खरं सांगतो, मला लाजेपेक्षा हायसं वाटलं. परक्या गावात आपल्यावर कुणाचा तरी इतका जीव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी चक्क रडलो.

"आतां जेव," आक्का म्हणाली. "आणि मीट पान, जसें मिटायचें तसें. जायचें असेल तर मागल्यासारखें मीट. मी कांहीं म्हणणार नाहीं."

मी जेवलो. पिठलं होतं, सार होतं, शेवटी ताकभात. जेवून झाल्यावर पानाची वरची कड धरली आणि आपल्याकडं ओढून मिटली. तुळसेनं पान उचललं. आक्कानं सवयीप्रमाणं विड्याचं पान पुढं केलं.

दुकानात येऊन मामाला सांगितलं, जात नाही. मामा भाता मारत होता. "मग धोंडूला काय कळवू?" मी म्हणालो, "इथं भात असतो, म्हणावं." मामा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. मास्तर पुन्हा येऊ लागले. माझ्या समोरच बसायचे आणि माझं पान नीट मिटलं गेल्याशिवाय उठायचे नाहीत. बहिणींची लग्नं भट्टीच्या कमाईवरच झाली. धाकटीच्या लग्नाला गावी गेलो तेव्हा पंगतीत मी पत्रावळ मिटायला गेलो आणि ती काडकन मोडली. शेजारचे म्हणाले, मद्राशी झाला. आई म्हणाली, वाळला तरी न्हाई ना, मग होऊ दे काय व्हायचं ते.

गावाकडच्यांनो, तुम्ही अजून विचारता, परत कधी येणार. माझ्यासारखेच बाहेर गेलेलेही विचारतात, करमतं का. गाव विचारलं तर मी आजही खानापूर तालुकाच सांगतो. पण दुपार झाली, भूक लागली की पाय जिकडं वळतात ती दिशा वेगळी आहे.

आक्का काही वर्षांनी गेली, तापाच्या दुखण्यानं. तेराव्याला ओसरीवर पंगत बसली. मास्तर होते, विणकर होता, रंगूनचे भाई अंगणात उभे राहून गेले. तुळसेनं वाढलं. जेवणं झाली आणि सगळ्यांनी पानं पलीकडं मिटली. माझा हात उचलेना. जी गोष्ट दोन महिने रोज न चुकता केली होती, ती आता रीतीनं करायची होती आणि करवत नव्हती. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी खालची कड उचलली आणि पान पलीकडं मिटलं, अगदी पूर्वीसारखं.

आणि पूर्वीसारखाच दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं जेवायला गेलो. तुळसेनं मला दारात बघितलं, डोळे पुसले आणि पान मांडलं.