गाजरगवतापासून लांब

मी गाव सोडलं त्या संध्याकाळी नांदेडच्या स्टँडवर आईचे डोळे सुजून लालभडक झाले होते. मान खाजवत म्हणाली, "पोचलास की फोन कर." बाई माझ्यासाठी रडतेय, असं समजून मी खिडकीत छाती फुगवून बसलो. काय पण शहाणा! ती दिवसभर दुसऱ्याच्या शेतात गाजरगवत उपटून आली होती.

आता मी हैदराबादेत प्रयोगशाळेत आहे. गच्चीवरच्या यंत्रात अडकलेले परागकण मायक्रोस्कोपखाली मोजायचे, ही नोकरी. गाजरगवताचा कण काटेरी गोळ्यासारखा दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला आईची चट्टे उठलेली मान आठवली. बाबा जन्मभर म्हणाले, "उन्हाचं आहे, जाईल." मीही ऐकून घेतलं.

आमचे सर ॲलर्जीवर देशोदेशी भाषणं ठोकतात. शेताच्या बांधावर कधी पाय ठेवला असेल तर शपथ. आईचं सांगितलं तर काय खूश! "अरे मियाँ, बढिया केस है, अम्मा को लाओ!" मी मूर्खासारखा धावलो. औषध मिळेल म्हणून तिला आणलं, संमतीच्या कागदावर सहीही मीच घेतली. नवी साडी नेसून आली होती बिचारी. पाठीवर गाजरगवताचा अर्क लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी पाठ लाल झाली आणि सरांचा चेहरा खुलला. मग मानेचे फोटो. औषधाचं विचारलं तर म्हणे, "इलाज नक्को पूछो, हम रिसर्चवाले."

कोठी भागातल्या एका डॉक्टरांनी मलम दिलं आणि सल्ला दिला, गवतापासून लांब राहा. वा रे वा! मराठवाड्यात गाजरगवतापासून लांब म्हणजे कुठं, ते मात्र सांगितलं नाही. माझ्या चिक्कडपल्लीच्या खोलीत महिनाभर राहिली, तर कातडी निवळली. "बरी झाले, आता भिंती बघत बसू का?" म्हणाली आणि परत गावाकडं शेत निंदायला गेली.

परवा सरांचं भाषण झालं. पडद्यावर आईची मान, भिंतीएवढी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

गावकऱ्यांनो, कधी येतोस म्हणून विचारता ना? डॉक्टरांचा सल्ला आमच्या घरात मी एकट्यानंच पाळलाय. दर रविवारी आईला फोन लावतो. "औषध निघालं का रे?" ती विचारते. "काम चालू आहे," मी सांगतो. "हौ, होऊ दे निवांत," ती म्हणते, आणि फोन ठेवेपर्यंत तिचं मान खाजवणं मला ऐकू येत राहतं. घर म्हणून माझ्याकडं आता तेवढंच आहे.